डावं मागचं दार

उत्तर न दिलेल्या पत्राचा एक गुण असतो, ते हरवत नाही. ज्यांना उत्तरं दिली ती पत्रं कुठे जातात कोण जाणे, पण हे मात्र चष्म्याचं घर उचललं की खाली सापडतं, विजेचं बिल शोधताना सापडतं, आणि काही शोधत नसताना तर हमखास सापडतं. ताईचं पत्र काकांना गेले चौदा महिने असं सापडत होतं. सापडलं की ते त्याच्याकडे न बघता त्याची जागा बदलत.

काका म्हणजे दुरुस्तीकाका. हे नाव इमारतीनं ठेवलेलं. त्यांची चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना, म्हणून जिन्याखालच्या फलकावर लागणाऱ्या सूचनांमधल्या चुका ते पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, कुणी बघत नाही असं पाहून दुरुस्त करत. कुणीतरी बघितलं. मग चौथ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू हे नाव ऐकून बंद पडलेला मिक्सर घेऊन आले. तो माझा प्रांत नव्हे, हे सांगायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी मिक्सर ठेवून घेतला, गुपचूप बाजारातून दुरुस्त करून आणला आणि दोन दिवसांनी मान खाली घालून परत केला. पुढच्या आठवड्यात इस्त्री आली. असा हा माणूस. त्याच्या हातून पुढचं रामायण घडलं याचं नवल वाटायला नको.

ताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि दुसऱ्या गावी राहणारी. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर ती फक्त स्वतः बोलते. संवाद करायचा तर पत्र. चौदा महिन्यांपूर्वी तिनं लिहिलं होतं की एकाहत्तराव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, परवाना मिळाला, आणि आता गाडीही घेतली. पांढरी आहे. पुढे लिहिलं होतं: "दुकानातला माणूस म्हणतो, सिरॅमिक कोटिंग करून घ्या. रंगावर काचेसारखा थर बसतो, पाच वर्षं बघायला नको. रोज चालवायच्या गाडीवर ते खरंच इतकं टिकतं का रे? तू काय ते बघून सांग. दोन ओळी लिही, पुरे."

दोन ओळी. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींवर शंका घेतली, त्याच्याकडे स्वतःच्या दोन ओळी मागणं म्हणजे काय, हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मोठ्या बहिणींना धाकट्या भावांबद्दल फार मोठे गैरसमज असतात.

"लिहा ना, लाव म्हणून," बायको म्हणाली.

"अगं, पण टिकतं का नाही ते मला कुठे माहीत आहे?"

"मग लिहा, लावू नकोस."

"तेही कुठे माहीत आहे?"

बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसातून पाच-सहा घरी जाऊन लोकांचे गुडघे, पाठी आणि आखडलेले खांदे हलवायचे हे तिचं काम, आणि तिला या घरांपर्यंत नेऊन सोडायचं हे निवृत्तीपासून काकांचं. ती आत गुडघे मोडते, काका बाहेर गाडीत बसून पुस्तक वाचतात. गाडी गडद निळी, सहा वर्षांची, आणि रोज चालणारी. ताईच्या पत्रातले 'रोज चालवायची गाडी' हे शब्द वाचताना काकांची नजर खिडकीतून खाली आपल्या गाडीवर गेली आणि तिथेच घोडं अडलं. ऐकीव लिहिण्यापेक्षा स्वतः करून बघावं, मग लिहावं. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

कोटिंगवाला मनमिळाऊ माणूस होता. त्यानं बॉनेटच्या एका तुकड्यावर पाणी मारून दाखवलं. पाण्याचे टपोरे मणी झाले आणि घरंगळून गेले. "अळवाचं पान आहे काका, अळवाचं पान. थेंब थांबायचा नाही." काकांना अळवावरचं पाणी ही क्षणभंगुरतेची उपमा म्हणून माहीत होती, टिकाऊपणाची हमी म्हणून ती पहिल्यांदाच ऐकत होते. पण बोलले ते दुसरंच.

"एक दार सोडून करता येईल का?"

कोटिंगवाल्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "कुठलं दार?"

"डावं मागचं. ते तसंच ठेवा."

"का हो?"

"तुलनेसाठी," काका म्हणाले आणि लाल झाले.

छापखान्यातला नियमच होता. मुद्रित तपासायचं तर शेजारी मूळ प्रत पाहिजे. मूळ प्रतीशिवाय जो तपासतो तो तपासत नाही, अंदाज करतो. सगळ्या गाडीला कोटिंग केलं तर ते टिकलं की नाही हे कशाशी ताडून बघणार? डावं पुढचं दार कोटिंग केलेलं, डावं मागचं उघडं. शेजारी शेजारी. काकांना ही योजना इतकी निर्दोष वाटली की त्यांना स्वतःचाच संशय यायला हवा होता.

"काका, मी पंधरा वर्षं हे काम करतोय," कोटिंगवाला म्हणाला. "एक बाही नसलेला कोट मी अजून कुणाला शिवून दिलेला नाही."

"मग हा पहिला," काका कसेबसे म्हणाले.

"आणि हमीपत्राचं काय करू? त्यात 'संपूर्ण गाडी' असं छापलंय. 'दार सोडून' असा रकानाच नाही."

शेवटी त्यानं हमीपत्रावर गाडीचं चित्र होतं त्यातल्या त्या दारावर फुली मारली आणि खाली काकांची सही घेतली, की हे मालकाच्या इच्छेनं झालं आहे आणि मालक शुद्धीवर आहेत.

गाडी घरी आली तेव्हा खरोखर आरशासारखी दिसत होती, एवढं एक दार सोडून. कोटिंगच्या आधी ते दार सोडून सगळ्या गाडीला पॉलिश झालं होतं, त्यामुळे बाकीची गाडी सहा वर्षांनी तरुण झाली आणि ते दार होतं त्याच वयाचं राहिलं. काकांनी डावी बाजू मुद्दाम निवडली होती, गाडी उभी करण्याच्या जागेत ती भिंतीकडे असते म्हणून. पण ती भिंतीकडे असते ते गाडी तोंडानं आत घातली तर. इमारतीचा नियम होता की गाड्या मागे घेत लावायच्या. हा नियम फलकावर लागला तेव्हा काकांनीच त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला होता.

त्यामुळे दार आल्यागेल्याला दिसू लागलं.

"अपघात झाला का हो?" पहिल्या मजल्यावरून.

"दार बदललं वाटतं. रंग जुळला नाही," दुसऱ्या मजल्यावरून.

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य मात्र खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. दंतवैद्यांना काहीही दाखवा, त्यांना त्यात दात दिसतो. "एवढ्याच दाताला कॅप बसवायची राहिली," ते म्हणाले. काकांनी त्यांना तुलनेचं तत्त्व समजावून सांगितलं. ते ऐकून दंतवैद्य इतके खूष झाले की संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला तत्त्व कळलं होतं, थोडं वेगळं. दुरुस्तीकाकांच्या गाडीच्या एका दाराला काहीतरी झालंय आणि ते वर्षभर बघणार आहेत वाढतं का.

पहिले सात दिवस गाडीवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नव्हता, थर पक्का होईपर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सकाळी सहाला कुंड्यांना पाणी घालत आणि ते नेमकं काकांच्या बॉनेटवर ठिबके. आठवडाभर जरा बेतानं घाला, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. काकांनी ते मनात चार प्रकारे रचलं आणि चारही त्यांना उद्धट वाटले. म्हणून ते सात दिवस पहाटे उठून, छत्री उघडून, बॉनेटवर धरून उभे राहिले.

"काका, पाऊस नाहीये," वरून बाई म्हणाल्या.

"हो, दिसतंय," काका म्हणाले.

आठव्या दिवशी वही सुरू झाली. दर रविवारी सकाळी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन काका खाली जात. पुढच्या दारावर पाच फवारे, मागच्या दारावर पाच फवारे, मग चष्मा वर करून निरीक्षण. पुढे मणी टपोरे, मागे पाणी पसरलं. तारीख, हवा, गाडी किती चालली. हळूहळू रविवारी चार माणसं जमू लागली. काकांना चारचौघांत काही करायचं म्हणजे घाम फुटतो, पण मागे फिरायचं तर बाटली कुठे लपवायची हा प्रश्न होता.

आता यात मेख अशी झाली, की कोटिंग म्हणजे काच, हे लोकांनी ऐकलं. काचेला काही होत नाही, हे त्यांचं त्यांनी जोडलं.

गाड्या धुणारा, मिशीवाला, जबाबदार माणूस. पाण्याचे सात दिवस सरताच त्यानं चाकं घासायचा ताठ ब्रश काढला आणि बॉनेटवर फिरवला. "आता भीती नाही काका. काच बसवलीय ना? पूर्वी जपून पुसायला लागायचं." आणि मागच्या दाराशी आला की ब्रश खाली ठेवून, खिशातून एक मऊ पिवळं फडकं काढून, बाळाचं तोंड पुसावं तसं दार पुसायचा. "याला काय ते जपायला पाहिजे. याच्यावर काही नाही बिचाऱ्यावर."

काकांनी त्याला ब्रश नको म्हणून सांगायचं ठरवलं. ठरवलं तो महिना संपला, दुसरा सुरू झाला. मग एका रविवारी सांगितलं ते असं: "ते... ब्रशाचं जरा..." तो म्हणाला, "हो हो, जुना झालाय, नवा आणतो." नवा आणखी ताठ निघाला.

दंतवैद्यांकडे पाहुणे आले की ते त्यांना खाली आणत आणि खिशातली किल्ली पुढच्या दारावरून अशी सर्रकन ओढत. "बघा, कठीणपणात दाताच्या एनॅमलच्या वर. ओरखडा नाही." पहिल्यांदा खरंच नव्हता. तिसऱ्या पाहुण्यांच्या वेळी होता. दंतवैद्य म्हणाले, "किल्ली वेगळी होती," आणि पुढच्या वेळी मूळ किल्ली घेऊन आले.

काकांनी संध्याकाळी वहीत लिहिलं: 'पुढचे दार, किल्ली, दोन.' माणसाचं नाव घातलं नाही. शेजारधर्म असतो.

फाटकाचीही गोष्ट सांगायला हवी. इमारतीचं फाटक अरुंद, आणि त्याच्या खांबावर प्रत्येक रहिवाशाच्या गाडीचा रंग एकेका पट्ट्यानं लागलेला. नवं कुटुंब राहायला आलं की महिन्याभरात खांबावर नवा रंग दिसतो आणि मग ते कुटुंब इमारतीतलं झालं असं धरतात. काकांचा निळाही होता. पण तुलना सुरू झाल्यापासून गाडी आत येताना दिसली की कुणी ना कुणी पुढे होई. "या, या, या... दार जपा, दार. मागचं. थांबा. आता या." पुढच्या दाराचं काय होतंय याची कुणाला फिकीर नसे. त्याला काच होती.

बायकोचंही तेच. तिची व्यायामाच्या पट्ट्यांची आणि यंत्राची जड पिशवी मागच्या सीटवर असायची. पूर्वी ती डाव्या बाजूनं ठेवायची आणि दार पायानं लोटायची. आता ती वळसा घालून उजव्या दारानं ठेवू लागली. "तुमच्या त्या दाराला काही झालं तर तुम्ही आणखी एक वर्ष घ्याल," ती म्हणायची.

आणि काका? काका निःपक्षपाती होते. रुग्णांच्या घराबाहेर झाडाखाली गाडी लावून ते वाचत बसत, आणि पक्ष्यांनी टपावर जे काही टाकलं ते तसंच राहू देत. कोटिंगची परीक्षाच आहे, बघू या किती सोसतं. एकदा एका बुलबुलानं मागच्या दारावर प्रसाद दिला, तेव्हा मात्र ते पुस्तक उघडं टाकून खाली उतरले, स्वतःचा धुतलेला रुमाल ओला केला आणि डाग नाहीसा होईपर्यंत पुसत राहिले. याबद्दल वहीत काही नोंद नाही. नोंद करण्यासारखं काही घडलं असं त्यांना वाटलंच नाही.

सातव्या महिन्यात किराणा दुकानाच्या आवारात उतारावरून एक सामानाची ढकलगाडी सुटली आणि काकांच्या पुढच्या बंपरला येऊन टेकली. बंपर फुटला. विम्याचा निरीक्षक आला. त्यानं बंपरकडे एकदा पाहिलं आणि दाराकडे चार वेळा.

"हे दार या गाडीचं नाही."

"आहे."

"मग रंग वेगळा कसा?"

"बाकीच्यावर कोटिंग आहे. याच्यावर नाही."

"का नाही?"

काही प्रश्नांची उत्तरं घरात देता येतात, निरीक्षकासमोर देता येत नाहीत. "तुलनेसाठी," काका म्हणाले. निरीक्षकानं अर्ज खालपासून वरपर्यंत पाहिला. "अपघात आहे, चोरी आहे, आग आहे, पूर आहे. तुलना नाहीये. दार मूळचं असल्याचा दाखला आणा."

काका गाडी घेतली त्या दुकानात गेले. तिथे सांगितलं की आम्ही बदललेल्या दाराचा दाखला देतो, न बदललेल्याचा देत नाही. तुम्ही आधी दार बदला. काका तिथून उठून कोटिंगवाल्याकडे आले. त्याला त्यांची दया आली. त्यानं शिक्क्याच्या कागदावर टाइप करून दिलं, की सदर गाडीच्या डाव्या मागच्या दारास आम्ही काहीही केलेलं नाही व ते आम्हांस जसे मिळाले तसे परत केले.

दाखला चांगला होता. फक्त 'मिळाले'च्या जागी 'मळाले' पडलं होतं. काकांनी घरी येऊन, सवयीनं, समासात खूण करून, पेन्सिलीनं ती वेलांटी दिली. अगदी हलक्या हातानं.

"खाडाखोड," निरीक्षक म्हणाला आणि दाखला परत केला.

दुसरा दाखला करून आणला तेव्हा कोटिंगवाल्यानं तो पाकिटात घालून, पाकीट चिकटवून दिलं. "उघडायचं नाही काका. तसंच नेऊन द्यायचं." काकांना हे लागलं. पण त्यांनी पाकीट उघडलं नाही, फक्त दिव्यासमोर धरून पाहिलं. बंपर नवव्या महिन्यात बदलून मिळाला.

या सगळ्यात वर्ष कसं गेलं ते कळलं नाही. ताईच्या पत्राची आठवण होत नव्हती असं नाही. रोज होत होती. पण जितका उशीर झाला तितकं उत्तर भरीव असायला हवं, असं काकांना वाटे, आणि जितकं भरीव करायला जावं तितका उशीर होई. वहीवरून त्यांनी एक अहवाल लिहायला घेतला. तो एकतीस पानांवर गेला. त्यात 'मण्यांचा आकार' असा स्वतंत्र भाग होता.

आणि मग तेराव्या महिन्यात मणी गेले. पुढच्या दारावर पाच फवारे मारले, पाणी पसरलं. मागच्या दारावर मारले, तेही पसरलं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा मारले. रविवारची मंडळी गंभीर झाली. दंतवैद्य हलक्या आवाजात म्हणाले, "गेलं."

पण खरा घोळ पुढेच होता. काकांनी तीन पावलं मागे जाऊन दोन्ही दारं एकत्र पाहिली. पुढचं दार धुरकट, त्यावर ब्रशाची गोल गोल जाळी, किल्लीचे दोन... आता पाच ओरखडे. टपावर पक्ष्यांच्या परीक्षेचे फिकट डाग कायमचे उमटलेले. आणि मागचं दार, सात वर्षांचं, उघडंबोडकं, मऊसूत चमकत होतं. सगळ्या गाडीत चांगलं काय असेल तर तेवढं एक दार. एकतीस पानांत या निष्कर्षाला जागा नव्हती. कोटिंग न केल्यानं रंग चांगला राहतो, असं ताईला कसं लिहायचं? काकांनी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याखाली ताईचं पत्र होतं. त्यांनी त्याच्याकडे न बघता त्याची जागा बदलली.

त्यानंतर महिन्याभरानं भाची आली. ताईची मुलगी, कामासाठी गावात आली होती, तासाभरासाठी घरी डोकावली. चहा घेताना बायकोनं विचारलं, "आणि काय म्हणतेय आईची गाडी? हिंडते का मस्त?"

"कसली हिंडतेय मामी. गाडी चादरीखाली आहे."

"म्हणजे?"

"मामाच्या पत्राची वाट बघतेय ना ती." भाचीनं हे इतक्या सहज सांगितलं की काकांना आधी कळलंच नाही. "दुकानवाल्यानं सांगितलं होतं, कोटिंग करायचं तर गाडी रस्त्यावर काढायच्या आधी करा, एकदा ओरखडे पडले की उपयोग नाही. मी किती वेळा म्हटलं, आई, तू काढ गाडी. ती म्हणते, त्याचं येऊ दे. रोज सकाळी चादर काढते, आत बसते, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते, आरसे नीट करते, बंद करते. पुन्हा चादर."

"चौदा महिने?" बायकोनं काकांकडे न बघता विचारलं.

"मी म्हटलं तिला, मामा विसरला असेल. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, तो विसरत नाही. विचार करत असेल. तो विचार केल्याशिवाय लिहीत नाही, आणि एकदा लिहिलं की त्यात चूक नसते."

काकांनी कप खाली ठेवला. तो बशीत न बसता बशीच्या काठावर बसला.

भाची गेल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पत्र बाहेर काढून, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, वाचलं. छापखान्यात कुठलाही मजकूर ते तीनदा वाचत, हे पत्र त्यांनी आलं तेव्हा एकदाच, तेही पान न उलटता वाचलं होतं. मागच्या बाजूला, सहीच्या वर, ताईच्या मोठ्या गोल अक्षरात शेवटचं वाक्य होतं: "तुझं पत्र येईपर्यंत मी गाडी बाहेर काढत नाही." शाईही फिकी झालेली नव्हती. इतकं धडधडीत लिहिलेलं.

बायको दारात उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "अहो, आता तरी लिहा," ती हळूच म्हणाली.

"उद्या लिहितो. एकदा कोटिंगवाल्याला दाखवतो. चुकीचं कसं लिहू?"

"मी येते बरोबर," बायको म्हणाली. त्यात विश्वासापेक्षा पहारा जास्त होता.

कोटिंगवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग त्यानं ब्रशाची जाळी बोटानं चाचपली. "चाकाचा ब्रश?"

"हो."

"आणि हे?"

"किल्ली."

"चोर?"

"दंतवैद्य."

त्यानं पुढचं दार कुठल्याशा खास साबणानं धुतलं, मातीच्या वडीसारखं काहीतरी अलगद फिरवलं, पुन्हा धुतलं, आणि बाटली काकांच्या हातात दिली. काकांनी पाच फवारे मारले. मणी. टपोरे, गोल, ओरखड्यांवरूनही घरंगळणारे मणी. काकांनी आणखी पाच फवारे मारले, मोजणीत बसत नव्हते तरी.

"मेलं नव्हतं काका. नुसतं मळलं होतं," कोटिंगवाला म्हणाला. "खरं सांगू? याच्यानं धुणं सोपं होतं, धुणं चुकत नाही. मी तुम्हांला तेव्हाच सांगितलं होतं, पण तुम्ही दारात अडकला होतात." मग तो डावीकडे वळला, मागच्या दारापाशी उकिडवा बसला आणि प्रकाशात मान तिरकी करून बघत राहिला. "याला काय लावलं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? एक जाळी नाही, एक डाग नाही. इतकं नितळ तर माझ्या स्वतःच्या गाडीचं नाही. कुणी सांभाळलं हे दार?"

बायकोनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "धुणाऱ्यानं मऊ फडकं ठेवलं याच्यासाठी वेगळं. मी पिशवी दुसऱ्या बाजूनं ठेवतेय वर्षभर. फाटकात सगळी बिल्डिंग आडवी येते. आणि त्या बुलबुलाच्या वेळी तुम्ही स्वतःचा रुमाल..."

"तू बघितलंस?"

"खिडकीतून. रुग्णाचा पाय हातात होता, नाहीतर हसले असते."

चाळीस वर्षं मूळ प्रतीला हात लावायचा नाही हे काकांनी दुसऱ्यांना शिकवलं होतं. आणि इथे मूळ प्रतीला त्यांनी एकट्यानं नाही, सगळ्या इमारतीला घेऊन, वर्षभर गोंजारलं होतं. तुलना पार बाद. एकतीस पानं बाद. मण्यांचा आकार बाद. वाईट वाटायला हवं होतं. काका वाट बघत उभे राहिले, पण वाईट काही वाटेना. मोकळं वाटत होतं, परीक्षा रद्द झाल्यावर वाटतं तसं.

"उरलेलं धुऊन देऊ?" कोटिंगवाल्यानं विचारलं. "आणि आता हे दारही करून टाकू?"

"धुवा," काका म्हणाले. "दार राहू दे."

तो धूत होता तेवढ्या वेळात, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच दुकानाच्या कागदावर काकांनी पत्र लिहिलं. पहिल्या झटक्यात. बायको खांद्यावरून वाचत होती, तरीही.

"ताई, कोटिंग टिकतं, पण गाडी त्याच्यानं टिकत नाही, मऊ फडकं आणि चार माणसांचं लक्ष लागतं. लाव नाहीतर लावू नकोस, पण हे वाचून झालं की चादर काढ, गाडी इकडे आण, आणि पहिला ओरखडा आमच्या फाटकाच्या खांबाला पाड, तिथे पांढऱ्या पट्ट्याची जागा रिकामी आहे."

"दोनच ओळी?" बायको म्हणाली.

"तिनं दोनच मागितल्या होत्या."

परत येताना वाटेत पोस्टाची पेटी लागते. काका उतरले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि हात तिथेच थांबला. 'लक्ष लागतं' की 'लक्ष असावं लागतं'? 'टिकत नाही' हे फार ठाम तर होत नाही? चार आठवडे आणखी, सगळी दारं सारखी धुऊन, नीट तुलना करून...

मागून हॉर्न वाजला. एकदाच, पण फिजिओथेरपिस्टचा हॉर्न होता तो, आखडलेलं सोडवणारा. बोटं सुटली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला, पेटीच्या तळाशी, पोकळ.

काका गाडीत येऊन बसले. "तारीख घालायची राहिली," ते म्हणाले.

"बरंच झालं," बायको म्हणाली. "किती उशीर झाला ते कुणाला मोजता येणार नाही."

"पोस्टाचा शिक्का असतो," काका म्हणाले, आणि पुढचा रुग्ण डावीकडे राहत होता, म्हणून त्यांनी गाडी डावीकडे वळवली.